कुणाचा आवाज ऐकायचाय?

कान तपासायला आलेला माणूस खुर्चीत बसता बसता पहिलं वाक्य ठरलेलं बोलतो. "मॅडम, मला काही झालेलं नाही. घरच्यांनी जबरदस्ती आणलंय." घरचे बाहेर बाकावर असतात आणि ओरडून ओरडून त्यांचे घसे बसलेले असतात. सत्तावीस वर्षं मी हे वाक्य मराठीत, हिंदीत, माळवीत आणि एकदा सिंधीतही ऐकलं आहे. आता मी नुसती मान हलवते आणि फॉर्म पुढे करते.

मी डॉक्टर नाही. लोक म्हणतात, आणि मीही दुरुस्ती करायचं सोडून दिलं आहे. माझं काम ऑडिओलॉजिस्टचं. म्हणजे कान किती ऐकतो ते मोजायचं आणि कमी ऐकत असेल तर मशीन बसवून द्यायचं. जुन्या इंदुरात तळमजल्यावर माझ्या दोन खोल्या आहेत. आतल्या खोलीत गोदरेजच्या कपाटाहून थोडी मोठी अशी बंद केबिन आहे. पेशंटला तिच्यात बसवायचं, कानाला हेडफोन लावायचे, हातात बटण द्यायचं. मी काचेबाहेरून बारीक शिट्ट्या सोडते. ऐकू आली की त्याने बटण दाबायचं. शिट्टी कमी कमी करत न्यायची आणि जिथे माणूस थांबतो तिथे कागदावर खूण करायची. खुणा जोडल्या की एक रेघ तयार होते. डावीकडे जाडे, घोगरे आवाज, उजवीकडे पातळ, चिरके. वय झालेल्या कानाची रेघ डावीकडे बरी चालते आणि उजवीकडे महूच्या पुढे घाट उतरतो तशी खाली जाते. म्हणून आजोबांना ट्रक ऐकू येतो, पण नात काय म्हणाली ते कळत नाही. आजोबांचं मत असं पडतं की हल्लीची मुलं तोंडातल्या तोंडात बोलतात.

ही शाळा एवढ्यासाठी घेतली की पुढची गोष्ट नीट कळावी. दिवाळी अंकासाठी धंद्यातले अनुभव लिहा म्हटल्यावर मी चार गमतीदार पेशंट मनात काढून ठेवले होते. लिहायला बसले तर त्यांना बाजूला सारून मधूकाका येऊन बसले. गेल्या थंडीत ते वारले. न सांगता येऊन बसायची त्यांची सवय जुनीच होती, आमच्या घरीही ते तसेच यायचे.

मधूकाका बाबांचे शाळेपासूनचे दोस्त. बाबा घरकोंबडे, काकांच्या पायाला भिंगरी. काका विजेच्या खात्यात होते. उमेदीची वर्षं त्यांनी निमाडकडच्या जंगलात तारांच्या खालून चालण्यात घालवली. कुठे फांदी तारेला टेकली आहे, कुठल्या खांबावरची चिनीमातीची वाटी फुटली आहे, ते बघत जायचं. नोकरीने चालायला लावलं आणि चालण्याने पाखरं दाखवली, असं ते सांगत. पुढे बढती मिळून ऑफिसात टेबल आलं, तेव्हा शैलाकाकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, पेढे वाटले. काका मात्र आठवडाभर तोंड पाडून हिंडत होते.

मग रविवार उपयोगाला आला. सकाळी सहाला आमच्या खिडकीखाली स्कूटरचा हॉर्न वाजायचा. आधी मी आणि माझा भाऊ, नंतर शेजारची दोन-तीन घरं, पुढे पुढे तर भाड्याची व्हॅन करून दहा-बारा जण. पाताळपाणी, चोरल, जानापाव, आणि काहीच जमलं नाही तर सिरपूरचा तलाव. काकांच्या खांद्याला कॅनव्हासची पिशवी, तिच्यात पाणी, दुर्बीण आणि कागदात बांधलेली लवंग-सेव. काकू कधीच आल्या नाहीत. "जिथे बसायला खुर्ची नाही तिथे मी जात नाही," हे तत्त्व त्यांनी पन्नास वर्षं पाळलं.

काकांचाही एक नियम होता. जंगलात बऱ्यापैकी आत गेलं की ते हात वर करायचे. जो जिथे असेल तिथे थांबायचं, पाच मिनिटं गप्प राहायचं आणि जितके वेगवेगळे आवाज ऐकू येतील तितकी बोटं उघडायची. मग एकेकाने बोटं दाखवून कशाकशाचे आवाज ते सांगायचं. माझा भाऊ स्वतःच्या पोटातली गुरगुरसुद्धा मोजायचा. काकांची बोटं नेहमी नऊ असत. एक अंगठा कायम मिटलेला.

"एक राहिला असेलच ना," ते म्हणायचे. "आपल्याला ऐकू नाही आला मतलब तो नव्हताच, असं थोडीच असतं भिया."

मला ते लहानपणापासून भिया, म्हणजे भैया, म्हणत. त्यांच्या लेखी इंदुरात भिया व्हायला मुलगा असण्याची अट नव्हती.

बारावीनंतर मी हा कोर्स निवडला तेव्हा घरात कुणाला त्याचं नावही सांगता येईना. "कान तपासायला कॉलेज?" बाबा म्हणाले, "मग नाकाचं वेगळं असेल." काकांनी माझी बाजू लावून धरली. "जाऊ दे भाऊ पोरीला. ही आठ बोटांपर्यंत पोचते. तू तर पत्ते पिसण्याशिवाय दुसरा आवाज ऐकला नाहीस जिंदगीत." बाबा हरले आणि मी या धंद्याला लागले.

माणूस म्हणून काका कसे होते ते सांगायला एक प्रसंग पुरे. पाताळपाण्याला एकदा कॉलेजच्या वयाच्या पोरांचं एक टोळकं मोठा स्पीकर घेऊन आलं होतं. दगडावर स्पीकर, भोवती नाच. आमच्यातले एकजण तणतणत जायला निघाले. काकांनी त्यांना थांबवलं आणि स्वतः गेले.

"भिया, तेंदुए को पसंद आए ऐसा कोई गाना है क्या इसमें?"

"क्यों अंकल?"

"नहीं, वो इसी टाइम पानी पीने आता है ना इधर. मैंने सोचा, मेहमान है, उसकी पसंद का लगा दो."

दहा मिनिटांत जागा मोकळी झाली. एक पोरगा तर घाईत चप्पल विसरला. काकांनी ती नेऊन त्यांच्या गाडीपाशी दिली आणि वर सेव खायला घातली. "आला असता बिबट्या?" मी विचारलं. "दिवसाढवळ्या कशाला येतोय? पण चप्पल तर सुटली ना."

तर हे काका सत्तरीला आले आणि घरातल्या टीव्हीचा आवाज रस्त्यावर जायला लागला. काकूच त्यांना माझ्याकडे घेऊन आल्या. काका खुर्चीत बसले आणि म्हणाले, "मिनू, मला काही झालेलं नाही. हिने जबरदस्ती आणलंय."

केबिनमध्ये त्यांनी सगळ्या शिट्ट्या ओळखल्या. एकही चुकली नाही. मला आनंद व्हायला हवा होता, पण वर्षानुवर्षं लबाड माणसं बघितली की आनंद जरा उशिरा होतो. पेशंट चोरून बघतात. मी शिट्टी सोडताना माझं कोपर हलतं, ते बघून बटण दाबतात. कुणी माझ्या चष्म्यावर डोळा ठेवतं. यात फसवायचं कुणालाच नसतं, नापास व्हायचं नसतं इतकंच. मी हात टेबलाखाली घेतला आणि म्हटलं, "काका, आता डोळे मिटा." डोळे मिटल्याबरोबर रेघ घाट उतरली. दोन्ही कानांची, आणि चांगली खोल.

मग मी एक चूक केली. धंदा समजावा म्हणून आधी फॉर्मचं सांगते.

माझ्या फॉर्मवर पाच प्रश्न आहेत. पहिले चार सगळ्यांकडे असतात तसेच, वय, आजार, औषधं वगैरे. पाचवा माझा आहे: कुणाचा आवाज ऐकायचाय? कारण मशीन म्हणजे चष्मा नव्हे, लावला आणि दिसलं. कुठले आवाज उचलायचे आणि कुठले दाबायचे, ते कॉम्प्युटरला जोडून त्यात भरावं लागतं. देवळात कीर्तन ऐकणाऱ्याचं मशीन वेगळं लावायचं, दुकानात गिऱ्हाइकी करणाऱ्याचं वेगळं.

या प्रश्नाला काय काय उत्तरं आली! एका आजींनी लिहिलं, "नातीचा. सुनेचा आहे तेवढा पुरे." गौतमपुऱ्याहून एक शेतकरी आला. तिथे दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी हिंगोटची लढाई होते. पोकळ फळात बारूद भरून, पेटवून एकमेकांवर फेकायचं. हा गडी कित्येक वर्षं पहिल्या फळीत. "मैडमजी, म्हारा कान में सीटी बाजे." मी पाचवा प्रश्न विचारला, तर म्हणाला, "लिख दो, हिंगोट आवे तो पेलां से सुणई जाय." त्याला कान हवा होता तो पुढच्या लढाईसाठी, हिंगोट येताना आधीच ऐकू यावा म्हणून. मी अर्धा तास समजावलं, त्याने नम्रपणे मान डोलावली आणि पुढच्या दिवाळीनंतर पुन्हा तीच शिट्टी घेऊन हजर झाला.

भंवरकुआंच्या कोचिंगमधून एक मुलगी आली होती. एकटीच. पाचव्या प्रश्नापुढे तिने लिहिलं, "सर का." तीनशे मुलांच्या वर्गात बसते, सर काय बोलतात ते समजत नाही, बाकी सगळे लिहून घेत असतात. तिचे कान उत्तम निघाले, आमच्या व्हॅनमधल्या कुणाहीपेक्षा चांगले. तसं सांगितलं तर तिचा चेहरा उतरला. "मैडम, मशीन में कुछ तो आया होगा?" दोष कानाचा निघाला असता तर तिला घरी फोन करून सांगायला बरं पडलं असतं. मी तिला चहा पाजला, पुढे बसायला जागा मिळते का ते विचार म्हटलं, आणि घरी खरं सांग म्हटलं. याहून जास्त काही माझ्या हातात नव्हतं. अजून ती पोरगी आठवली की वाटतं, आणखी थोडा वेळ बसवून घ्यायला हवं होतं.

इतका लाडका फॉर्म, पण काकांना मी तो दिलाच नाही. घरच्या माणसाला कुणी फॉर्म भरायला लावतं का? आपल्याला सगळं माहीतच असतं. मी माझ्याच हाताने नाव-वय लिहिलं आणि पाचव्या प्रश्नापुढे खरडलं: काकू, टीव्ही, फोन. काका समोर बसून माझ्याकडे कौतुकाने बघत होते.

पंधरा दिवसांनी मशीन बसवलं. काकांनी मान डावीकडे-उजवीकडे फिरवली आणि म्हणाले, "एकदम फर्स्ट क्लास, भिया! मजा आ गया." काकूंनी पदराने डोळे पुसले. त्या दिवशी मला जो अभिमान वाटला तो मी लपवणार नाही. ज्यांनी मला ऐकायला शिकवलं, त्यांना मी ऐकायला दिलं होतं. चार महिन्यांनी तपासणीला आले, तेव्हाही "एकदम फर्स्ट क्लास." आठ महिन्यांनी, वर्षाने, तेच.

आणि मग कजलीगढचा तो रविवार. थंडीचे दिवस होते. काकांनी हात वर केला, आम्ही दहा जण थांबलो. डोक्यावरच्या झाडात चष्मेवाल्यांचा थवा उतरला. चष्मेवाला म्हणजे डोळ्याभोवती पांढरी कड असलेला, अंगठ्याएवढा पोपटी पक्षी. त्याचा आवाज पातळ, दूर कुणीतरी काचेवर बोट घासावं तसा. त्यांचा गलका चालला होता. मी एक बोट उघडलं आणि सहज काकांकडे बघितलं. काका झाडाकडे बघतच नव्हते. ते आमच्या हातांकडे बघत होते. माझं बोट उघडलं तसं त्यांनी आपलं उघडलं. पलीकडे कुणाचं उघडलं, तसं आणखी एक.

ही लबाडी मला ओळखीची होती, रोज केबिनमध्ये बघत होते.

पुढच्या थांब्याला मी मुद्दाम त्यांच्या पाठीमागे जाऊन उभी राहिले आणि बाकीच्यांना हात खिशात घालायला लावले. थंडी होती, कुणी काही विचारलं नाही. चष्मेवाले आमच्याबरोबरच पुढे सरकले होते, अगदी डोक्यावर. काकांनी मान वळवली नाही. पाच मिनिटांनी त्यांनी बोटं दाखवली, नऊ. एक अंगठा मिटलेला.

उतरताना मी त्यांना मागे ठेवलं. एका दगडावर बसलो. मी सरळ विचारलं, "काका, पाखरं ऐकू येतात का?"

त्यांनी सेवेची पुडी उघडली, माझ्यापुढे धरली. मी घेतली नाही.

"मिनू, तुझं मशीन खूप छान आहे गं," ते म्हणाले. "कुकर ऐकू येतो. डोअरबेल येते. तुझी काकू तर, काय सांगू, जरुरतीपेक्षा जास्त ऐकू येऊन राहिली आहे. बस, पाखरं नाही येत."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"सव्वा वर्ष झालं! मग बोलला का नाहीत? दर वेळी फर्स्ट क्लास, फर्स्ट क्लास!"

"अरे, तू इतकी खूश झालीस ना त्या दिवशी. हिने डोळे पुसले. आता तिथे मी काय बोलू, की चष्मेवाला कुठाय?" मग जरा थांबून म्हणाले, "आणि मला वाटलं, उमर झाली, आता नसेल येत. मशीन तरी काय करेल बिचारं."

मला रडू आलं, आणि रागही आला. त्यांचा नाही, माझा.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचं मशीन मागवून घेतलं. मोबाइलवर चष्मेवाल्याचा आवाज लावला, मशीनला नळी जोडून स्वतःच्या कानात घातली आणि ऐकत बसले. पक्ष्याने पहिला सूर काढला आणि मशीनने तो तिथेच गिळला. पुन्हा लावला, पुन्हा गिळला. तेव्हा उलगडा झाला. जुन्या मशीनची शिट्टी सगळ्यांनी ऐकली असेल. आजोबांनी कुशी बदलली की कानातून कुंई होते. नव्या मशीनमध्ये त्यावर बंदोबस्त असतो: पातळ शिट्टी आली की ती आपलीच समजून दाबायची. चष्मेवाल्याचा सूर पातळ, शिट्टीसारखा. मशीन इमानदारीत त्याला दाबत होतं. शिवाय बोलणं स्वच्छ यावं म्हणून मी त्यात आजूबाजूची कुजबूज कमी करायला सांगितलं होतं. त्या कुजबुजीत झाडं, वारा, पाणी, सगळं गेलं. काकू, टीव्ही आणि फोन यांच्यासाठी मशीन खरंच फर्स्ट क्लास होतं. मी जे लिहिलं होतं, ते त्याने तंतोतंत केलं.

मी काकांना बोलावलं आणि कोरा फॉर्म हातात दिला. "आता तुम्ही स्वतः भरा."

खांबांचे नंबर लिहायची सवय असलेल्या त्या ठसठशीत अक्षरात त्यांनी पाचव्या प्रश्नापुढे यादी केली. चष्मेवाला. शिंजीर. निखार. कजलीगढच्या ओढ्याचं पाणी. वाळलेल्या पानावरून सरडा गेला तर तोही. सगळ्यांत खाली, जागा उरली नव्हती तिथे कोपऱ्यात, "शैला."

"काकू शेवटी?" मी म्हटलं.

"तिला लिहायची पण जरूरत नाही. ती मशीन काढलं तरी येते."

दोन दिवस खपून मी मशीनमध्ये दुसरा प्रोग्रॅम भरला. शिट्टी दाबायचं बंद, कुजबूज कमी करायचं बंद, पातळ आवाज जमतील तितके वर. पहिला प्रोग्रॅम घरचा, दुसरा जंगलचा. कानामागच्या मशीनवर एक बारीक बटण असतं, ते दाबलं की घरातून जंगलात, पुन्हा दाबलं की परत घरी. यात एक तोटा होता, तो मी काकांना नीट सांगितला: जंगल लावलं की माणसांचं बोलणं नीट कळणार नाही, आणि जवळ कुणी भांडी आपटली तर दणका बसेल. मशीन सुरू केलं की ते आपोआप घरच्याच प्रोग्रॅमवर उघडतं. जंगलात जायचं तर दर वेळी मुद्दाम बटण दाबायचं.

"मतलब, तोटा कुठला सांगत होतीस?" काका म्हणाले.

पुढच्या रविवारी सिरपूरला गेलो. मी सगळ्यांना मागे उभं केलं आणि काकांना पुढे, एकटं. त्यांनी कानामागे बटण दाबलं, डोळे मिटले. बराच वेळ काही झालं नाही. मग एक बोट उघडलं. मग दुसरं. बाभळीत शिंजीर बोलला तशी त्यांची हनुवटी वर गेली. परत फिरताना ते म्हणाले, "एकदम फर्स्ट क्लास, भिया! मजा आ गया."

आता गोची अशी की वाक्य तेच होतं. अक्षरन् अक्षर तेच. सव्वा वर्ष जे खोटं बोलताना वापरलं, तेच खरं बोलताना वापरलं तर ओळखायचं कसं? डोळे मिटले होते हे खरं, हनुवटी वर गेली हेही खरं. पण काका म्हणजे वाऱ्याच्या झुळकीवरून झाडात काय बसलंय ते सांगणारा माणूस. आणि माझं मन राखायला ते काय काय करू शकतात, ते मी बघितलं होतं. नंतरच्या रविवारांत मी त्यांना कितीदा तरी आडून विचारलं. ते हसायचे, सेव पुढे करायचे. पुन्हा केबिनमध्ये कोंडून परीक्षा घ्यायचं धाडस मला झालं नाही. नापास झाले असते तर ते मला सोसलं नसतं, आणि त्यांना त्याहून नसतं.

मग गुडघे गेले आणि पाठोपाठ हृदयाने कुरकुर सुरू केली. रविवार बंद झाले. शेवटचं वर्ष काका घरीच होते, खिडकीजवळच्या खाटेवर. खिडकीबाहेर शेजाऱ्यांचं कडुनिंबाचं झाड. मी भेटायला गेले की मशीन कानात असायचं. एकदा मी ते तपासून, पुसून, आतली वापराची जुनी नोंद न वाचताच कोरी करून दिलं, तेवढंच. काकू मात्र कुरकुरायच्या. "मिनू, मशीन खराब झालंय बघ. मी बोलते आणि हे हूं हूं करतात. दहा वेळा विचारलं की जेवणार का, तर खिडकीकडे बघून हसतात." मला वाटलं, काका आता आतून सुटत चालले आहेत. शेवटी शेवटी माणसं अशी होतात.

थंडीत ते गेले. आमच्या व्हॅनमधले सगळे आले होते. स्मशानातून परतताना कुणीच काही बोलत नव्हतं, तेव्हा माझा भाऊ म्हणाला, "पाच मिनिटं तर केव्हाच होऊन गेली." त्यावर आम्ही सगळे हसलो आणि मग सगळेच रडलो.

महिनाभराने काकू दवाखान्यात आल्या. हातात मशीनची डबी. "नुसती पडून राहण्यापेक्षा कुणा गरजवंताला दे," म्हणाल्या. वापरलेलं मशीन दुसऱ्याला द्यायचं तर ते स्वच्छ करायचं आणि कॉम्प्युटरला जोडून आतलं सगळं पुसायचं. काकू समोर बसल्या होत्या. मी मशीन जोडलं.

मशीन स्वतःची एक नोंद ठेवतं, हे पेशंटना फारसं माहीत नसतं. रोज सरासरी किती तास कानात होतं आणि कुठल्या प्रोग्रॅमवर होतं, तेवढंच. अनेक पेशंट "दिवसभर लावतो" म्हणतात आणि नोंद सांगते, दिवसाला वीस मिनिटं. मी त्यांना कधी तोंडावर पकडत नाही. आता काकांची नोंद उघडायची होती. इतकी वर्षं ज्या प्रश्नाचं उत्तर काकांकडून मिळालं नव्हतं, ते समोर होतं. जंगलच्या प्रोग्रॅमवर शून्य असतं, तर ते फर्स्ट क्लासही माझ्यासाठीच होतं.

नोंदीत होतं: दिवसाला सात तास. त्यातले सहा जंगल.

मी दोनदा वाचलं. आकडा पहिल्या आठवड्याच्या हौसेचा नव्हता. मी नोंद कोरी केली तेव्हापासूनच्या सगळ्या महिन्यांचा होता. खाटेवर पडून, रोज, मुद्दाम बटण दाबून. ज्याला काही ऐकू येत नाही असा माणूस सहा-सहा तास खिडकीशी तसा बसत नाही. माझे डोळे भरून आले आणि काकू घाबरल्या. "काय झालं गं?"

मी आकडे सांगितले. मशीन खराब नव्हतं काकू, काकाही सुटले नव्हते. ते कडुनिंबात होते.

काकूंना हे समजायला थोडा वेळ लागला. मग त्यांचा आवाज चढला. "म्हणजे मी इकडे डोकं फोडून राहिले की जेवणार का, जेवणार का, आणि हे मजेत चिमण्या ऐकून राहिले होते?" मी हो म्हटलं. त्या एकदम खो खो हसायला लागल्या, इतक्या की बाहेरच्या बाकावरचे लोक आत डोकावले.

हसू ओसरल्यावर त्यांनी पदर नीट केला आणि विचारलं, "सहा झाले. सातवा?"

"सातवा घरचा प्रोग्रॅम," मी म्हटलं. "पण काकू, मशीन आपोआप तिथेच उघडतं. त्यामुळे थोडा वेळ असाच..."

"तासभर?"

"नाही, तासभर नाही. मिनिट-दोन मिनिटं. तासभर म्हणजे बटण दाबून परत आणलेलं असणार."

"किती वाजता, ते नाही सांगत का तुझं मशीन?"

"नाही सांगत."

काकू डबीकडे बघत राहिल्या. "चारला," त्या म्हणाल्या. "चारला मी चहा घेऊन जायचे. खाटेवर बसायचे आणि मग दिवसभराचं सगळं बोलायचे. मी कप ठेवला की हे कानामागे हात न्यायचे, रोज. मला वाटायचं, खाजतंय."

मग बराच वेळ आम्ही दोघी गप्प बसलो. पाच मिनिटं नक्की झाली असतील.

निघताना काकू दारात थांबल्या. "ज्याला देशील ना, त्याला देताना बाकी काय ते पुसून टाक. पण ते जंगलवालं बटण काढू नकोस. आणि त्याला सांग, चहा आला की दाबायचं."